पोपटाच्या पेरूंचा खर्च

किनाऱ्यापासून दूर, समुद्रातल्या एका खडकावर संस्थानाचा दीपस्तंभ होता आणि तो सांभाळायला एकटा जानू गाबीत. वाऱ्याखेरीज तिकडे कुणी फिरकत नसे. संस्थानात पगारावर कर होता. मात्र कामासाठी पदरचे पैसे घातले, तर तेवढ्यावर कर माफ. वर्षाकाठी दरबारात येऊन तो खर्च सांगायचा.

जानूनं सांगितला, "दिव्याच्या वाती, काच पुसायची फडकी आणि पोपटाचे पेरू."

दिवाणसाहेब खो खो हसले. "पोपट? तो काय दिवा लावतो?"

"नाही साहेब. 'जेवलास का?' एवढंच बोलतो. मीच शिकवलंय."

"मग ही तुझी घरची हौस झाली! सरकारचं कोणतं काम करतो तो? सांग, नाहीतर खोटा खर्च दाखवला म्हणून चाकरी जाईल."

सगळा दरबार हसला. माणसांचा एवढा आवाज जानूनं वर्षभरात ऐकला नव्हता. तो थांबण्याची त्यानं वाट पाहिली.

"साहेब, आपल्याकडे राबणाऱ्याला जेवलास का म्हणून विचारणं, हे धन्याचं काम. ते विचारायला सरकारातून आजवर खडकावर कुणी आलं नाही. सरकारचं ते काम पोपट करतो. पगार मागत नाही बिचारा, पेरूवर भागवतो."

दिवाणसाहेब उगाच पागोटं सारखं करू लागले. गादीवरच्या राणीसाहेबांनी पेरूंचा खर्च मंजूर केला आणि हळूच विचारलं, "जानू, जेवलास का?"

जानूनं सवयीनं मागं वळून पिंजरा शोधला.