राणीच्या पायात काय होतं

“ह्यो कुणाशी बोलायलाय?” बुवांनी विचारलं.

मला वाटलं, त्यांना कमी ऐकू येत असेल. मी फोनचा आवाज वाढवला.

“बुवा, हे तुम्हीच. तुमचंच आख्यान.”

“आवाज माझाय, ते कळलं. पर बोलायलाय कुणाशी?”

तुळजारामबुवा गोंधळी. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या ओसरीवर सकाळच्या उन्हात आम्ही दोघंच बसलो होतो. मी त्यांना आमचं संकेतस्थळ दाखवायला गेलो होतो. शाळेतल्या शिक्षकांना लोककला शिकवता याव्यात म्हणून आम्ही अकरा जणांनी दोन वर्षं खपून ते उभं केलं होतं. कुणी गाणी जमवली, कुणी छायाचित्रं काढली, कुणी धडे लिहिले. प्रत्येक पानावर शेवटचा हात मात्र मी फिरवायचा, असं ठरलं होतं. अकरा जणांत डॉक्टरेट माझी एकट्याची होती.

खरं सांगायचं तर मी शाबासकी घ्यायला गेलो होतो.

फोनमधले बुवा सांगत होते, “राणी डोंगर चढायला लागली. चढता चढता दुपार झाली...”

समोरच्या बुवांनी हात वर केला. मी आख्यान थांबवलं.

“हितं भिवा व्हता.”

भिवा म्हणजे त्यांचा साथीदार. चाळीस वर्षं त्यांच्या मागे उभा राहून तुणतुणं वाजवणारा आणि त्यांच्या प्रत्येक वाक्यात तोंड घालणारा. आम्ही आख्यान रेकॉर्ड केलं त्या दिवशीही त्यानं तेच केलं होतं. राणी डोंगर चढायला लागली, की हा विचारणार, “आन् पायात काय व्हतं वो तिच्या?” दुपार झाली, की, “मग जेवली का न्हाई?”

“भिवाचे प्रश्न मी काढले,” मी म्हणालो. “आख्यान सलग व्हावं म्हणून. शिक्षकांना एका तासात...”

“काढलं?”

“हो.”

“कसं काढतेत?”

मी दाखवलं. बोटानं तुकडा निवडायचा, कात्रीचं चिन्ह दाबायचं. बुवांनी मान पुढे करून नीट पाहिलं.

“आन् कापल्यालं कुठं ठिवता?”

फोनमध्ये जागा कमी पडत होती, म्हणून मूळ रेकॉर्डिंग मी केव्हाच पुसून टाकलं होतं.

“भिवाला बोलावता का?” मी घाईघाईनं म्हणालो. “पुन्हा घेऊ. आजच घेऊ.”

“पौषात गेला भिवा.”

...

“त्याची बायको दुपारच्याला येतीय,” बुवा म्हणाले. “सर येणार हायेत म्हणून सांगितलं तिला. त्याचा आवाज ऐकायला मिळंल, म्हणलं.”

मी फोन उगाच पालथा घातला. पुन्हा सुलटा केला.

मला मुजावरबाई आठवल्या. संकेतस्थळावर प्रत्येक पानाखाली शिक्षकांनी काही लिहावं, अशी सोय होती. शकीला मुजावर नावाच्या एका शिक्षिकेनं या आख्यानाखाली लिहिलं होतं, ‘तिसरीची मुलं विचारतात, राणीच्या पायात काय होतं? कृपया कळवावे.’ मी ते अप्रस्तुत म्हणून पुसलं होतं. आठवड्यानं त्यांनी पुन्हा लिहिलं. मी पुन्हा पुसलं.

हे मी बुवांना सांगून टाकलं. का सांगितलं, अजून नीट कळत नाही. कदाचित त्यांनी मला रागवावं, असं वाटत असेल.

बुवांनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली.

“मग पोरांना काय कळिवलं?”

“काहीच नाही.”

“हं.”

त्यांनी सुपारी अंगणात थुंकली.

“सुरू करा तुमचं यंत्र.”

मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि फोन दोघांच्या मधे ठेवला. बुवांनी मांडी सावरली.

“राणी डोंगर चढायला लागली,” म्हणाले, आणि थांबले.

मी श्वास रोखून बसलो. रेकॉर्डिंगमध्ये आपला आवाज येऊ नये, ही इतक्या वर्षांची सवय.

बुवा माझ्याकडे पाहत होते.

“राणी डोंगर चढायला लागली...”

पुन्हा थांबले. फोनवर सेकंद पुढे सरकत होते. ते पुढचं वाक्य विसरले असतील, असंसुद्धा एकदा माझ्या मनात येऊन गेलं. इतका मी शिकलेला.

...

“तिच्या...” मी फोनकडे एकदा पाहिलं. “तिच्या पायात काय होतं, बुवा?”

बुवांनी फोनकडे बोट केलं.

“एवढं कापू नका.”