वाजंत्री आणि रांग

“तेवढं एकच सांगा बुवा. वाजंत्री नसतील, तर रांग शांत राहील का?”

निरंजनबुवा मठाच्या ओसरीवर चिंचा फोडत बसले होते. त्यांनी एक चिंचोका बाजूला टाकला आणि दुसरी चिंच उचलली.

“कुठली रांग?”

यशोधन चौगुलेच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली. कुठली रांग म्हणे! ज्या माणसानं पोथी लिहिली, तोच वर तोंड करून विचारतोय, कुठली रांग!

आता ही पोथी म्हणजे देव्हाऱ्यातली नव्हे हं. ‘मौजपूर’ नावाचा कॉम्प्युटरवरचा एक खेळ आहे. त्यात आपण जत्रेसारखी बाग उभी करायची. पाळणे, घसरगुंड्या, खाऊची दुकानं, सगळं आपणच मांडायचं. मग बागेत माणसं येतात, रांगा लावतात. प्रत्येकाच्या डोक्यावर इवलासा चेहरा दिसतो. खूश असला तर हसरा, कंटाळला तर पिवळा आणि चिडला तर लाल. लाल चेहरे वाढले की माणसं बाकडी मोडतात, फाटक उखडतात आणि बागेचा पार बट्ट्याबोळ होतो.

बुवा या वारणेकाठच्या टेकडीवर येण्याआधी पुण्यात होते, तो खेळ बनवणाऱ्या कंपनीत. खेळासोबत मिळणारं माहितीपुस्तक त्यांच्याच हातचं. खेळणाऱ्या पोरांनी त्या पुस्तकाचं नाव पाडलं ‘पोथी’. आधी थट्टेनं म्हणायचे. पुढे थट्टा कुठे गेली कोण जाणे, पोथी तेवढी राहिली.

आणि पोथी म्हटली की तिला फाटे फुटायचेच. कुणी म्हणालं, फाटकाशी मोर ठेवला की पावसातही माणसं घरी जात नाहीत. कुणी म्हणालं, फुटाणे खारट केले की पाळण्यात उलट्या होत नाहीत. एकानं सांगितलं, दुसऱ्यानं मान डोलावली, झालं शास्त्र तयार!

यशोधन असल्या ऐकीव गोष्टींना हसायचा. तो अस्सल पोथीवाला. पोथीतल्या एकेका ओळीवर त्याची व्याख्यानं होती, ती व्हिडिओवर गावोगावची पोरं बघायची. मौजपूर मंडळाचा तो अध्यक्ष. त्याच्या पुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

म्हणून तर मुक्ता कुंभोजकरचं प्रकरण त्याच्या घशात अडकलं होतं.

मुक्ता त्याचीच शिष्या. त्यानंच तिला खेळ शिकवला. आणि या पोरीनं मंडळाची मोठी स्पर्धा जिंकली ती बागेत एकही वाजंत्री न ठेवता! पोथीत तर स्वच्छ छापलेलं, ‘रांगेजवळ वाजंत्री ठेवा. पाहुण्यांचा राग निवतो.’ मग हिची रांग कशी निवली?

“खेळाच्या फाईलमध्ये हात घातलाय हिनं,” यशोधन भर मंडळात म्हणाला होता. “चोरी आहे ही.”

मुक्ता मंडळातून निघून गेली.

प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण बंगळूरच्या एका कंपनीनं मुक्ताला नोकरीवर घ्यायचं ठरवलं होतं, खेळ बनवायच्या कामावर. त्यांनी मंडळाला विचारलं, हा विजय खरा ना? संध्याकाळी पाचपर्यंत कळवा. ‘नाही’ म्हटलं की पोरीची नोकरी गेली आणि चोरीचा शिक्का कायमचा बसला.

यशोधननं उत्तर मोबाईलवर लिहून ठेवलं होतं. ‘मुक्ता कुंभोजकर यांचा विजय खरा नाही.’ नुसतं बोट टेकवायचं बाकी होतं.

ते काही टेकवेना. मनात पाल चुकचुकत होती. म्हणून तो लॅपटॉप पाठीला मारून टेकडी चढून आला होता. बुवांनी एकदा ‘बरोबर’ म्हटलं की झालं.

“ज्या रांगेबद्दल तुम्हीच लिहिलंय ती रांग,” तो आवाज आवरत म्हणाला.

“असं होय. काय लिहिलंय?”

यशोधननं घडाघडा म्हणून दाखवलं. त्या ओळीच्या आधीचंही म्हटलं, नंतरचंही.

“अक्षर न् अक्षर बरोबर,” बुवा म्हणाले.

“म्हणजे मी उत्तर पाठवू?”

“पाठव की.”

यशोधननं मोबाईल काढला. अंगठा वर उचलला...

“तिला विचारलंस, तिनं कसं केलं ते?” बुवांनी विचारलं.

“विचारलं ना.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, सर, तुम्ही या. शेजारी बसा. मी खेळते, तुम्ही बघा.”

“मग?”

“मग काय? मी तिच्याकडे जाऊन बसू? अहो, मी तिला शिकवलंय बुवा!”

चिंचोका टक्कन ताटलीत पडला.

मोबाईल किणकिणला. मंडळाच्या चिटणिसाचा निरोप होता. ‘सर, साडेचार वाजले. पाठवलंत ना?’

यशोधनला घाम फुटला. ओसरीवर वारा होता, तरी फुटला.

“खेळ आणलायस?” बुवा म्हणाले.

आणलाच होता. त्यानं लॅपटॉप उघडला आणि आपली बाग दाखवली. राजविलास नाव तिचं. कित्येक वर्षं खपून उभी केलेली. वळणावळणाला लाल फेटेवाले वाजंत्री उभे, पिपाणी आणि ताशा नुसता दणदणत होता. मठाच्या पिंपळावरची पाखरं उडाली.

“बरेच आहेत की,” बुवा म्हणाले.

“पोथीप्रमाणे,” यशोधन म्हणाला. छाती जरा पुढे आली त्याची.

“केव्हा ठेवतोस?”

“रांग लाल व्हायला लागली की.”

“आणि मग?”

“थोड्या वेळात निवते. दर वेळी. बुवा, माझ्या या डोळ्यांनी हजारदा पाहिलंय.”

“काढून किती वेळा पाहिलंस?”

यशोधनला प्रश्नच कळला नाही.

“काढून?... काढायचे कशाला? पोथीत...”

“काढून किती वेळा पाहिलंस?”

...

“नाही पाहिलं,” तो शेवटी म्हणाला.

“काढ.”

“बुवा, बाग उधळेल.”

“काढ.”

खोटं कशाला बोला, यशोधनला भीती वाटली. बाग मोडेल याची वाटली आणि मोडणार नाही याची त्याहून जास्त वाटली. एकेक वाजंत्री तो उचलत गेला. आधी फाटकापाशी आवाज थांबला, मग कारंज्यापाशी, मग मोठ्या पाळण्यापाशी.

बाग गप्प झाली. माणसांच्या चालण्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. इतक्या वर्षांत तो त्यानं ऐकला नव्हता.

चेहरे हसरेच होते.

थोडा वेळ गेला. तरी हसरेच.

तेवढ्यात मोठ्या पाळण्याच्या रांगेत एक चेहरा पिवळा झाला. मग दुसरा. मग पुढचे पाचसहा लालभडक!

“बघा! बघा बुवा!” यशोधन ओरडलाच. “काय म्हणत होतो मी? गेले वाजंत्री, भडकली रांग!”

काय तो आनंद! एका पोरीच्या पोटावर पाय येणार होता आणि हा पठ्ठ्या टाळी मागत होता. त्यानं मोबाईल उचलला.

“थांब,” बुवा म्हणाले. “वाजंत्री परत ठेव. रांगेला चिकटून ठेव.”

“आता कशाला? सिद्ध झालं ना!”

“ठेव.”

त्यानं ठेवले. चांगले रांगेच्या दोन्ही बाजूंनी ठेवले. पिपाणी सुरू झाली, ताशा कडाडला.

चेहरे लालच होते.

“निवतील,” यशोधन म्हणाला. “जरा दम धरा.”

बुवा दम धरूनच होते. चेहरे आणखी लाल झाले. एका माणसानं बाकड्याला लाथ घातली.

“जवळ ठेवलेस ना?”

“अहो, कानात वाजतायत त्यांच्या!”

“मग?”

यशोधन पडद्यावर वाकला. नाक टेकेल इतका वाकला. आणि तेव्हा त्याला दिसलं. पाळणा फिरतच नव्हता. खाली एक मिस्त्री हत्यारांची पेटी उघडून बसला होता. पाळणा बंद पडला होता, म्हणून रांग खोळंबली होती, म्हणून माणसं चिडली होती. एवढी साधी गोष्ट!

मिस्त्री उठला. पेटी बंद करून चालू लागला. पाळणा फिरला, रांग पुढे सरकली. लाल चेहरे पिवळे झाले, पिवळे हसरे झाले. बाजूला फेटेवाले गाल फुगवून फुंकतच होते.



दर वेळी असंच तर व्हायचं. रांग लाल झाली की तो धावपळ करून वाजंत्री आणायचा, नीट मांडायचा, व्हिडिओत त्यावर बोलायचा. तोवर मिस्त्री आपलं काम आटपून निघून गेलेला असायचा. त्याच्याकडे कुणाचं लक्षच नसायचं.

“बुवा... म्हणजे वाजंत्री काहीच करत नाहीत?”

“वाजवतात की.”

“पण पोथीत...”

“पोथी छापायला गेली, तेव्हा कंपनीवाले त्यांना राग निववायला शिकवणार होते.”

“मग?”

“राहून गेलं.”

राहून गेलं! यशोधन ताडकन उभा राहिला. इतकी वर्षं, इतकी व्याख्यानं, भर मंडळात त्या पोरीला चोर म्हटलं ते... आणि हा माणूस चिंचा फोडत सांगतोय, राहून गेलं!

“आणि तुम्ही गप्प बसलात? कुणाला सांगितलं का नाहीत?”

“विचारायला कोण आलं? आले ते सगळे पाठ करूनच आले.”

यशोधनला तोंडात मारल्यासारखं झालं. तो मटकन खाली बसला.

मोबाईल पुन्हा किणकिणला. ‘सर, दहा मिनिटं राहिली. कंपनीचा फोन आला होता.’

मुक्ताविरुद्ध दुसरा पुरावा त्याच्याकडे होताच कुठे? एक ओळ होती, तीही आता गेली. त्यानं घाईघाईनं मोबाईल घेतला आणि आधी मंडळालाच निरोप लिहायला घेतला. ‘खुद्द निरंजनबुवांनी सांगितलं आहे की वाजंत्री ठेवणं व्यर्थ असून...’

बुवा मान वाकडी करून वाचत होते.

“मी सांगितलं?”

यशोधन थबकला.

“नाही... मी पाहिलं.”

“मग त्यात मी कशाला?”

त्यानं ते सगळं पुसलं. घड्याळ पळत होतं. मग त्यानं कंपनीचं उत्तर उघडलं. ‘विजय खरा नाही.’ शेवटचा शब्द खोडला आणि त्या जागी ‘आहे’ लिहिलं. बोट टेकवलं. गेला निरोप.

त्यानं मोठा श्वास सोडला. खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

“झालं बुवा. सुटलो. चूक दुरुस्त झाली.”

“कंपनीला कळलं,” बुवा म्हणाले. “तिला?”

यशोधनचा चेहरा पडला.

कंपनीला लिहिणं सोपं होतं. कंपनीला डोळे नव्हते. मुक्ताला होते, आणि त्या दिवशी मंडळात तिनं त्या डोळ्यांनी त्याच्याकडे कसं पाहिलं होतं ते त्याला अजून आठवत होतं. त्याला लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत.

“उद्या भेटतो तिला.”

बुवांनी चिंच फोडली.

“नाहीतर निरोप लिहितो. सविस्तर.”

बुवांनी आणखी एक फोडली.

राजविलासमध्ये ताशा कडकडत होता. आता तो यशोधनला सोसवेना. त्यानं स्वतःच्या हातानं वाजंत्री काढले, एकूण एक काढले. बाग शांत झाली. ओसरीही शांत झाली.

त्यानं मुक्ताला फोन लावला.

घंटी वाजत राहिली... वाजत राहिली... ती उचलणार नाही असं त्याला वाटलं, आणि देवा, नकोच उचलू दे, असंही वाटून गेलं.

“हॅलो?”

आवाज कोरडा होता.

“हॅलो... सर?”

यशोधनला दोनच शब्द बोलायचे होते, ‘माझं चुकलं.’ टेकडी चढताना लागली नसेल एवढी धाप त्याला आता लागली. ते शब्द अगदी ओठांवर आले होते. त्यानं खाकरून घसा साफ केला, पाठ ताठ केली...

“हं, मुक्ता. हे बघ, त्याचं असं आहे. इतकी वर्षं मी या खेळाचा अभ्यास करतोय, आणि एक अभ्यासक म्हणून, मंडळाचा अध्यक्ष या नात्यानं, मला असं निदर्शनास आलंय की...”

बुवांनी टोपलीतली शेवटची चिंच उचलली. वर पाहिलंसुद्धा नाही.

“आले परत वाजंत्री,” ते म्हणाले.