पहिल्या जागेवरचा नारळ

एकदा एक वृद्ध पंच भर सामन्यात हाताची घडी घालून उभा राहिला आणि एका घराने गुण मिळवूनही त्या घराचा एकही बाद गडी त्याने मैदानात परत येऊ दिला नाही. प्रेक्षक ओरडले. ज्या घराचे नुकसान होत होते त्या घराचा कर्ता संतापाने लाल झाला. पंचाचा स्वतःचा शिष्यही मनातून हादरला. असे त्याने का केले, ते पुढे सांगतो. आधी गाव समजून घ्या.

गाव समुद्रकाठचे होते. वैशाख सरत आला, की होड्या वर ओढून घेतल्या जात, त्यांच्यावर नारळीच्या झावळ्यांचे झाप चढत, आणि दर्या खवळण्यापूर्वीच्या त्या मोकळ्या दिवसांत ओल्या वाळूवर कबड्डीचे सामने होत. हे सामने संघांचे नसत, घरांचे असत. सासू, सून, दीर, नणंद, आजोबा, घरातले कोणतेही सात. जन्माने घरात आलेले किंवा लग्नाने आलेले, दोघांनाही सारखाच हक्क. भाड्याचा गडी चालत नसे. सासऱ्याला वाळूत लोळवण्याची संधी सुनांना वर्षातून हीच एक मिळे, आणि ती कोणी वाया घालवत नसे.

खेळ संजीवनी पद्धतीचा. म्हणजे बाद झालेला गडी मैदानाबाहेर रांगेत बसे आणि आपल्या बाजूने समोरचा एक गडी बाद केला, की बसलेल्यांपैकी एकाला जीवदान मिळे. तो पुन्हा खेळायला उठे. नियम एकच होता : जो आधी बाद झाला, तो आधी उठेल.

या किनाऱ्याची आणखी एक जुनी रीत होती. घरचा एखादा गडी जहाजावर दूर गेला असेल, तर त्याची जागा रिकामी सोडत नसत. बसण्याच्या रांगेत सर्वांत पुढे त्याच्या नावाचा सोललेला नारळ ठेवत. त्याची पाळी आली, की घराच्या कर्त्याने त्याचे नाव मोठ्याने घ्यायचे. नाव घेतले की तो गडी उठला असे मानत आणि त्याच्या मागे बसलेल्याची वाट मोकळी होई. कित्येक आयांनी वर्षभर दाबून ठेवलेली हाक त्या एका दिवशी समुद्राला ऐकवली होती.

त्या गावात सुपारीचा एक मोठा व्यापारी होता. हाताने सढळ, बोलण्यात गोड, देवळाच्या पायरीपासून शाळेच्या छपरापर्यंत सगळीकडे मदतीला पुढे. अशा माणसाला गाव कधी प्रश्न विचारत नाही. तीन वर्षांपूर्वी त्याच्या थोरल्या मुलीने खाडीपलीकडच्या एका होडीवाल्याच्या मुलाशी लग्न केले. मुलीचा अपराध म्हणाल तर एवढाच, की आपला नवरा तिने आपण निवडला आणि निवडताना जात विचारली नाही. व्यापाऱ्याने त्या दिवसापासून तिचे नाव घरात घ्यायला बंदी केली. आईने घेतले नाही. भावांनी घेतले नाही. धाकटी मुलगी एकदा चुकून बोलून गेली, तर बाप ताटावरून उठला. आणि गाव? गाव समजूतदार निघाले. ज्यांच्या अंगणात ती मुलगी लहानपणी खेळली, त्यांनी रस्त्यात तिला पाहून न पाहिल्यासारखे केले. अन्यायाला हात लागतो एकाचा, पण त्याला उभे राहायला खांदे लागतात अनेकांचे. ते या गावात मुबलक होते.

दोन वर्षे व्यापारी सातव्या जागी आपल्या बहिणीच्या मुलाला खेळवत आला. तो घरचा नव्हता, हे सर्वांना ठाऊक होते. कोणी हरकत घेतली नाही. तिसऱ्या वर्षी चिठ्ठ्या निघाल्या, आणि व्यापाऱ्याच्या घरासमोर आले ते नेमके होडीवाल्याचे घर. मुलगी समोरच्या सातांत होती. कासोटा घट्ट खोचून ती वाळूत पाय घासत उभी होती, आणि तिचे सव्वा वर्षाचे मूल मैदानाबाहेर कोणाच्या तरी कडेवर बसून शिंपला चोखत होते. आजोबाने त्या नातीला अजून एकदाही घेतले नव्हते.

सामना सुरू होणार, इतक्यात वृद्ध पंच मैदानात आला आणि भाच्याला म्हणाला, "तू बाहेर हो, बाबा. तुझं घर उद्या खेळणार आहे, त्यात खेळ."

"मग आमचा सातवा गडी?" व्यापाऱ्याने विचारले.

पंचाने पिशवीतून एक सोललेला नारळ काढला आणि व्यापाऱ्याच्या बाजूच्या रांगेत पहिल्या जागी ठेवला.

"गुरुजी, माझ्या घरचं कोणी जहाजावर गेलेलं नाही."

"ठीक आहे," पंच म्हणाला. "मग तुमच्या घरचं जे कोणी इथे नाही, ते कुठे आहे तेवढं सांगा. मी नारळ उचलतो."

व्यापाऱ्याने समोरच्या बाजूकडे पाठ केली. "असू दे नारळ," तो म्हणाला. "सहांनी खेळू. सहांनीच तुम्हाला लोळवू."

पहिल्याच चढाईत व्यापाऱ्याची पत्नी बाद झाली. वयाने जड झालेली बाई, पदर सावरत ती रांगेत नारळाच्या शेजारी जाऊन बसली. बसताना तिचा तळवा नारळावर टेकला आणि तिथेच राहिला. पुढच्या चढाईत व्यापाऱ्याने स्वतः समोरचे दोघे टिपले. काय चपळाई होती त्या माणसाच्या अंगात! टाळ्या पडल्या. पत्नी गुडघ्यावर हात ठेवून उठू लागली.

"बसा वहिनी," पंच शांतपणे म्हणाला. "तुमच्या आधी एक जण बसलं आहे."

ती खाली बसली. सगळ्यांच्या नजरा व्यापाऱ्याकडे गेल्या. त्याने एक नाव घ्यायचे होते, बस. त्याने हनुवटी वर केली आणि म्हणाला, "पुढची चढाई."

मग थोरला मुलगा पकडला गेला. मग सून. इकडून कोणी गुण मिळवला, की पंच नारळाकडे बोट दाखवी, व्यापारी मान फिरवी, आणि रांगेतले कोणी उठत नसे. समोरच्यांचे गडी मात्र बाद होत आणि पुन्हा येत. हळूहळू व्यापाऱ्याच्या घरातली माणसे मैदानातून रांगेत जाऊ लागली.

"बाबा, घ्या की नाव," थोरला मुलगा बसल्या जागेवरून म्हणाला. "एका शब्दाने काय आभाळ कोसळणार आहे?"

"गप्प बस."

"बसलोच आहे! तुम्ही उठू दिलंत तर ना!"

प्रेक्षकांत हशा पिकला. होडीवाल्याची म्हातारी, म्हणजे मुलीची सासू, कमरेवर हात ठेवून मैदानातून ओरडली, "काय हो शेट, घशात सुपारी अडकली काय? पाणी देऊ?"

शिष्य रेषेवर उभा होता. नियमपुस्तक त्याला तोंडपाठ होते. तो पंचाजवळ येऊन कुजबुजला, "गुरुजी, हे अन्यायाचं होतंय. नारळ दर्यावर गेलेल्यांसाठी असतो. ती तर इथे समोर उभी आहे. आणि ती खेळतेय दुसऱ्या बाजूने! शेट उठून निघून गेले तर सामनेच बंद पडतील."

"तुझी रेषा सांभाळ," पंच म्हणाला. "भरतीचं पाणी लागलंय तिला."

खरोखरच मैदानाची एक कड भिजू लागली होती. आणि मैदानात आता व्यापारी एकटा उरला होता. मागे रांगेत नारळ, आणि नारळामागे त्याचे सगळे घर. आणखी एक गडी गेला, की लोण चढणार आणि खेळ आटोपणार.

समोर होडीवाल्याच्या घरात कुजबुज झाली. चढाईला कोणी जायचे? म्हातारीने सुनेच्या पाठीवर थाप मारली. "तू जा. दम राख गो, सूनबाई!"

मुलगी मध्यरेषेला हात लावून आत आली. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

तीन वर्षांत ती बापाशी एक शब्द बोलली नव्हती, कारण बापाने बोलू दिले नव्हते. आता ती त्याच्यापासून दोन हातांवर होती आणि खेळाच्या नियमाप्रमाणे तिला दुसरा शब्द उच्चारता येत नव्हता. बाप कोपऱ्यात वाकून उभा होता. हाच खेळ त्याने तिला शिकवला होता, याच वाळूवर, ती परकरात असताना. डावा खांदा किंचित खाली टाकायची तिची लकब त्याचीच होती. तिने डावीकडे हूल दिली. तो सरकला. तिने हात लांबवला. तो मागे हटला. पकड घेण्याची संधी एकदा आली, दोनदा आली, त्याचे हात पुढे झाले आणि अर्ध्यावर थांबले.

"पकडा की, शेट!" प्रेक्षकांतून कोणी ओरडले. "पोर आहे, वीज नव्हे!"

"कबड्डी, कबड्डी..." तिचा आवाज आता चिरकू लागला होता. परत फिरायला हवे होते. ती फिरली नाही. बाहेर नातीने हातातला शिंपला टाकला आणि रडायला सुरुवात केली. व्यापाऱ्याने तिकडे पाहिले. मग पत्नीकडे पाहिले. तिचा तळवा अजून नारळावर होता, आणि ती नवऱ्याकडे बघत नव्हती, मैदानातल्या लेकीकडे बघत होती.

"कालिंदी," व्यापारी म्हणाला.

मोठ्याने नाही. पण रांगेत बसलेल्या सगळ्यांनी ऐकले. मग त्याने पुन्हा, मोठ्याने म्हटले, "कालिंदी! अगो बाय, किती दम लावशील?"

आणि तिच्या तोंडून, बापाने घराच्या मागच्या पडवीतून हाक मारल्यावर निघायची तशी, ओ गेली.

"ओ, बाबा!"

दम तुटला. शिष्याची शिटी आपोआप वाजली. "चढाई करणारी बाद!"

"अगो, घात केलास मेले!" सासूने कपाळावर हात मारला, पण ती हसत होती. "आमच्यात बाद झालीस ना? मग जा, तिकडे खेळ आता. त्यांना माणूस कमी आहे."

व्यापाऱ्याच्या पत्नीने नारळ उचलला आणि पोटाशी धरला. पंच म्हणाला, "पहिला गडी उठला. आता मागची अडलेली जीवदानं." रांग एकामागून एक उठू लागली. आधी आई, मग थोरला भाऊ, मग वहिनी. आई मैदानात आली ती आपल्या जागेवर न जाता सरळ लेकीकडे गेली. हा नियमभंग होता. शिष्याने शिटी तोंडापर्यंत नेली आणि खाली केली.

सामना व्यापाऱ्याचे घर हरलेच. भरतीने रेषा पुसण्यापूर्वी होडीवाल्यांनी हिशेब पुरा केला. हरल्यावर व्यापारी एका गुणावरून पंचाशी कडाकडा भांडला. फक्त भांडताना त्याच्या कडेवर नात होती, आणि ती त्याच्या मिशीला धरून ओढत होती, त्यामुळे त्याच्या युक्तिवादाला म्हणावे तसे वजन आले नाही.

संध्याकाळी वाळूतले खुंट उपटताना शिष्याने विचारले, "गुरुजी, मला अजून पटलेलं नाही. त्यांच्या बायकोने काय चूक केली होती? मुलांनी काय केलं होतं? त्यांना तुम्ही का बसवून ठेवलंत?"

"मी कुठे बसवलं?" वृद्ध म्हणाला. "ती तीन वर्षं बसलेलीच होती. घरातून एकाला बाद केलं, की लोकांना वाटतं एकच गेला, बाकीचे खेळतायत. ते खेळत नसतात. आई सणाला पुरण वाटते आणि एका पानाची आठवण गिळते, म्हणजे ती अर्धी बसलेली असते. भाऊ बापाशी बोलतो पण एक विषय टाळून बोलतो, तोही बसलेलाच. आपलं घर भरलेलं आहे असं त्या माणसाला वाटत होतं. मी फक्त रांग वाळूवर मांडून दाखवली. पहिला उठल्याशिवाय मागचे उठत नाहीत, हा नियम माझा नाही."

"आणि नारळ? ती काही दर्यापार गेली नव्हती. तिचं घर खाडीच्या पलीकडे तर आहे."

"जहाजावर गेलेला पोरगा वर्षाने परत येतो, आणि तोवर त्याची आई त्याचं नाव रोज घेते. हिचं नाव घ्यायलाही कोणी धजत नव्हतं. मग सांग, दोघांत लांब कोण गेलं होतं?"

शिष्याने शेवटचा खुंट उपटला. मग विचारले, "आणि शेट शेवटपर्यंत बोललेच नसते तर?"

"तर ते खरोखर हरले असते," पंच म्हणाला, "आणि मीही. एवढा धोका पंचाने कधी कधी घ्यावा. गावाने घेतला नव्हता."

दूर किनाऱ्यावर व्यापाऱ्याचे घर आणि होडीवाल्याचे घर एकाच झापाखाली बसून तोच नारळ फोडत होते. पहिला तुकडा कोणाला द्यायचा यावर दोन्ही विहिणींचे जोरात वाजले होते. शिष्य ऐकत राहिला. भांडण चांगले रंगले होते, आणि त्यात सगळे उठून बोलत होते.

वाचकहो, तुमच्या घरच्या रांगेत पहिल्या जागेवर कोण बसले आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. प्रश्न फक्त हाक मारण्याचा आहे.