कपाटातला राऊटर

दिगंबररावांच्या घरात चौथा कॉम्प्युटर आला आणि इंटरनेट रांगायला लागलं. नेटवाले परचुरे आले आणि राऊटर न पाहताच, चहा घेता घेता त्यांनी फर्मान सोडलं, "जुना टाका, नवा घ्या!"

दिगंबरराव हो म्हणणार, तोच सूनबाई रेवतीनं लोखंडी कपाट उघडलं. धूळ बसू नये म्हणून राऊटर शालूंच्या मागे ठेवलेला होता.

"साहेब, जरा आत बसता? मी दार लावते. तिथून चारही खोल्यांना हाक मारा."

"आतून कशी ऐकू जाईल?"

"मग या बिचाऱ्यानं काय घोडं मारलंय?"

राऊटर कपाटावर चढला, चारही कॉम्प्युटर धावू लागले. परचुरे बॅग उचलून निघून गेले.

राऊटर कपाटात कोणी ठेवला होता, हे रेवतीनं कधीच विचारलं नाही. दिगंबरराव मात्र रोज देवाला हात जोडताना मनातल्या मनात एक नमस्कार सुनेलाही करतात.