शेवट जमला नाही

पुण्याचे प्रकाशक तात्यासाहेब गुर्जर आलेलं हस्तलिखित हातावर तोलायचे, महिनाभर कपाटात ठेवायचे आणि परत देताना गंभीरपणे म्हणायचे, "बाकी ठीक आहे, पण शेवट जमला नाही." यावर कुठला लेखक वाद घालणार?

वत्सलाबाई टिल्लू तर आपल्या कादंबरीचा शेवट बदलून बदलून थकल्या. नायिकेला मारून झालं, जगवून झालं, काशीला धाडून झालं. तात्यासाहेबांचं पालुपद तेच.

मग बाईंनी नवी कादंबरी लिहून नेऊन दिली. महिन्याने बोलावणं आलं. चहाला इतर लेखकमंडळीही बसली होती. तात्यासाहेबांनी दोरीने बांधलेला गठ्ठा पुढे सरकवला.

"बाकी ठीक आहे, पण शेवट जमला नाही."

"जमेल कसा? मी तो अजून लिहिलेलाच नाही."

कुणाचा तरी चहा बशीत सांडला. तात्यासाहेब सावरून म्हणाले, "अहो, म्हणूनच तर म्हटलं!"

"हो का? मग कादंबरी कशावर आहे, तेही सांगा की."

तात्यासाहेब चष्मा पुसू लागले.

"न वाचता हस्तलिखितं परत करणाऱ्या एका प्रकाशकावर," बाई म्हणाल्या. "शेवट तुमच्यावरच सोडला होता. आता एक तर तो प्रकाशक कादंबरी वाचायला घेतो, नाहीतर मी आजचा प्रसंग जसाच्या तसा लिहून दुसरीकडे देते. यातला कुठला जमेल?"

तात्यासाहेबांनी मुकाट्याने गठ्ठा परत ओढला. दोरी सोडायला मात्र त्यांना फार वेळ लागला. बाईंनी मारलेली गाठ महिनाभरात कुणी सोडलीच नव्हती.