इंजिनाचं तापलेलं दार

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. तिथे याकूब सोलकर नावाचा एक तेलवाला राहत असे. तेलवाला म्हणजे तेल विकणारा नव्हे बरं का! शेजारी नवीन आलेल्या सूनबाई बाटली घेऊन त्याच्या दारात गेल्या होत्या, तेव्हा सगळी आळी हसली होती. याकूब मालवाहू जहाजावरच्या इंजिनाला तेलपाणी करायचा.

ते इंजिन तीन माळ्यांच्या घराएवढं. चालायचं मात्र अगदी सावकाश, मिनिटाला ऐंशी-नव्वद फेरे. घरासारखीच त्याला दारंसुद्धा होती, लोखंडी, ओळीने. याकूब रोज प्रत्येक दाराला तळहात लावून बघायचा. आईने लेकराचं कपाळ बघावं तसं.

एकदा भर समुद्रात, दुपारच्या वेळी, पाचव्या दाराला लावलेला हात त्याने झटकन मागे घेतला. चटकाच बसला. तो ओरडला, इंजिन थांबवलं गेलं, जहाज लाटांवर डुलू लागलं.

बेहेरे नावाचे इंजिनिअर साहेब धावत आले. वरून कप्तान फोनवर तगादा लावत होता, उशीर झाला तर बंदरातली जागा दुसऱ्या जहाजाला जाईल. साहेबांचा पारा चढला.

"पाना आण. आत्ता उघडून बघतो."

"आत्ता नको, साहेब. आत तापलेल्या तेलाचं धुकं कोंडलंय. बाहेरची हवा लागली की भडका उडेल. अर्धा तास निवू दे."

"मला शिकवतोस? शाळेत कितवीपर्यंत गेलास रे?"

"चौथी. तीही दोनदा."

एवढं बोलून याकूबने पाना उचलला, सगळ्यांना दारासमोरून हटवलं, वरच्या जिन्यावर गेला आणि पाना बुडाखाली घेऊन बसला.

"याकूब, नोकरी घालवीन तुझी!"

घरी चार तोंडं खाणारी होती. तरी याकूब हलला नाही.

"घालवा, साहेब. नोकरी दुसऱ्या जहाजावर मिळेल. तुमचं डोकं कुठल्या बंदरात मिळणार?"

साहेब ओरडले, पाय आपटले, येरझाऱ्या घातल्या. मग घसा बसला. मग तेही जिन्यावर टेकले, घाम पुसला. कितीतरी वेळाने हळूच म्हणाले, "चाचा, आता बघू या का?"

याकूबने खाली जाऊन दाराला हात लावला आणि पाना साहेबांच्या हातात दिला. दार उघडलं. आतल्या बेअरिंगचा धातू मेणासारखा वितळून ओघळला होता. मघाशी हवा आत गेली असती तर काय झालं असतं, ते साहेबांना कुणी सांगायची गरज उरली नाही.

दुरुस्ती झाली, जहाज सुखरूप निघालं. तेव्हा साहेबांनी घड्याळ बघून विचारलं, "चाचा, अर्धा तास म्हणालास आणि पाऊण तास बसवलंस. का रे?"

याकूब हसला.

"दाराला अर्धा तास पुरे होता, साहेब. वरची पंधरा मिनिटं तुमच्यासाठी."

तात्पर्य: इंजिन असो की माणूस, आत तापलेलं असताना दार उघडायची घाई करू नये, आणि जो आपल्या भल्यासाठी आपल्याला अडवून धरतो, त्याच्यावर रागावू नये.