मूळ प्रत सोबत जोडावी

हिवरदरी गावात एक भोळा माणूस राहत होता. त्याचं नाव रंगनाथ. गावात शहाणे पुष्कळ होते आणि त्यांच्यामुळे गावाचं पुष्कळ नुकसानही झालं होतं. रंगनाथचं तसं नव्हतं. तो सांगितलेलं ऐकायचा आणि ऐकलेलं करायचा. एवढंच.

घरात तीन माणसं. तो, त्याची बायको सुलोचना आणि अन्साआत्या. आईवडील गेल्यावर रंगनाथला या आत्यानेच वाढवलं. आत्या आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि चौदा महिन्यांपूर्वी वारली होती.

म्हणजे घरात ती ठणठणीत होती. सकाळी भाकरी खायची, दुपारी शेंगा फोडायची, संध्याकाळी शेजारणीशी भांडायची. वारली होती ती तालुक्याच्या कार्यालयात. निराधार म्हाताऱ्यांना सरकार दर महिन्याला जे देतं, त्याला गावात पगार म्हणतात. त्यासाठी वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत असा कागद द्यावा लागतो. आत्याने दिला होता. कार्यालयाने तो हरवला. कागद नाही म्हणजे बाई नाही, असं धरून कारकुनाने तिच्या नावापुढे 'मयत' लिहिलं आणि पगार बंद केला.

आत्या स्वतः जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली. तो म्हणाला, "बाई, तुम्ही मला दिसताय. पण तुम्ही मला दिसून काय उपयोग? फायलीत दिसायला पाहिजे."

त्या पगारातून आत्याची गुडघ्याची आणि रक्तदाबाची औषधं यायची. ती बंद झाली. मागायचं कुणाकडे, म्हणून आत्याने गुडघा दुखतो असं सांगायचंच सोडून दिलं.

सुलोचना जिद्दीची बाई. फोटो आणि कागदांसाठी दर वेळी अठरा किलोमीटर जायचं आणि एक झेरॉक्स कमी आहे म्हणून परत यायचं, याला ती कंटाळली. तिने बचत गटातून कर्ज काढून शाईच्या टाकीचा प्रिंटर घेतला. त्याला चार छोट्या टाक्या. काळी, निळी, गुलाबी, पिवळी. बाटली उपडी केली की शाई आपोआप उतरते आणि एकदा भरली की महिनोन्‌महिने पुरते. आत्याचे कागद घरीच होतील आणि गावाचीही कामं मिळतील, असा तिचा हिशेब होता.

तिने रंगनाथला बजावलं, "अहो, हा नुसता पडून राहिला तर आत शाई वाळते. दर गुरुवारी आठवणीने एक रंगीत पान काढायचं."

रंगनाथने प्रिंटरमध्ये आधीपासून असलेलं पोपटाचं चित्र काढलं. पुढच्या गुरुवारीही काढलं. त्याच्याही पुढच्या गुरुवारी काढलं. भिंतीवर पोपट वाढत गेले. शाई काही वाळली नाही.

पहिलं काम आत्याच्या फोटोचं. सुलोचनाने चकचकीत कागद लावला, बटण दाबलं आणि ती पाणी भरायला गेली. फोटो बाहेर आला. आत्या छान आली होती. रंगनाथला भरून आलं. लहानपणी आत्या त्याच्या गालावरून अंगठा फिरवायची, तसा त्याने तिच्या गालावरून फिरवला. शाई ओली होती. आत्याचं नाक कानापाशी गेलं.

तोच फोटो त्याने तालुक्याला नेऊन दिला. कारकून म्हणाला, "यात कुणीच नाही." आणि अर्ज परत केला.

सुलोचनाने कपाळाला हात लावला. "अहो, छापलेला कागद पूर्ण वाळल्याशिवाय कुणाच्या हातात द्यायचा नसतो."

"बरं," रंगनाथ म्हणाला. "आता वाळवूनच देईन."

चार दिवसांनी शाळेतले मोरताळे गुरुजी आले. चौथीच्या चाचणी परीक्षेच्या अठ्ठावीस प्रश्नपत्रिका छापायच्या होत्या. सुलोचना गटाच्या बैठकीला गेली होती. उद्या शाळा भरायच्या आधी नेतो, असं सांगून गुरुजी गेले. रंगनाथने अठ्ठावीस पानं नीट छापली. मग अंगणात रस्त्याच्या कडेने दोरी बांधली आणि प्रत्येक पानाला चिमटा लावून ती वाळत घातली.

तो रस्ता शाळेचा होता. येताजाता पोरं थांबली. वाचू लागली. चौथीच्या वर्गात एवढं वाचन पूर्वी कधी झालं नव्हतं. एकाने रंगनाथला विचारलं, "काका, हे काय आहे?" रंगनाथ म्हणाला, "हात लावू नका, ओलं आहे." पोरांनी हात लावला नाही.

सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी गुण पडले. फक्त गुरुजींचा स्वतःचा मुलगा नापास झाला, कारण त्याचं घर शाळेच्या मागच्या बाजूला होतं. तालुक्याहून गुरुजींना अभिनंदनाचं पत्र आलं. पत्र वाचून गुरुजींना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी ते सुलोचनाकडे आले आणि जे बोलायचं ते बोलून गेले.

सुलोचना रंगनाथला म्हणाली, "लोकांची कामं आपल्याकडे विश्वासाने येतात. छापलेली बाजू कुणाला दिसू द्यायची नाही. कोरी बाजू वर करून ठेवायची."

"बरं," रंगनाथ म्हणाला. "आता कोरी बाजूच वर ठेवीन."

त्याच महिन्यात दूध सोसायटीची निवडणूक लागली. विश्वनाथआप्पा उभे होते. आप्पा तीन वेळा पडलेले होते. या वेळी त्यांना रंगीत पत्रकं हवी होती. वर हात जोडलेले आप्पा, मध्ये कपबशीचं चिन्ह, खाली सात आश्वासनं. सुलोचनाने शंभर पत्रकं छापली आणि भिंतींवर डकवायचं काम रंगनाथने अंगावर घेतलं. तो दिवसभर खळीची बादली घेऊन हिंडला. देऊळ, चावडी, दूध केंद्र, पाण्याची टाकी, एकही भिंत सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी गाव उठलं तर सगळीकडे पांढरे कागद. आप्पांचे जोडलेले हात आणि सातही आश्वासनं भिंतीकडे तोंड करून होती. एक कागद ओढून बघितला तेव्हा उलगडा झाला. आप्पांच्या विरोधकांनी प्रचारच थांबवला. ते म्हणाले, आमचं वेगळं काही म्हणणं नाही, यांनी सगळं लिहूनच दिलंय.

आप्पा पडले. पण मागच्या वेळेपेक्षा चार मतं जास्त पडली.

ते सुलोचनाच्या दारात येऊन बसले आणि पाणीसुद्धा घेईनात. ती खजील झाली. रंगनाथला म्हणाली, "अहो, फोटो कशासाठी असतो? चेहरा दिसण्यासाठी. नीट शिकून घ्या आता. मागे पांढरी चादर. मान सरळ. दोन्ही कान दिसले पाहिजेत. दात दिसता कामा नयेत."

"बरं," रंगनाथ म्हणाला. "चादर, मान, कान, दात."

मग बळवंतनाना आले. त्यांना म्हशीचा विमा उतरवायचा होता आणि त्यासाठी म्हशीचा फोटो लागत होता. सुलोचना शेतात होती. रंगनाथ म्हणाला, माझं शिक्षण झालंय, मी काढतो.

त्याने नानांच्या गोठ्यात पांढरी चादर बांधली. म्हैस चादरीपुढे उभी केली. मान सरळ केली. म्हशीने चादरीचं एक टोक खाल्लं. चादर परत बांधली. कान खाली पडत होते, ते नानांना मागून धरायला लावले. म्हैस रवंथ करत होती, त्यामुळे दात दिसत होते. रंगनाथ रवंथ संपेपर्यंत थांबला. दीड तास गेला. मग त्याने फोटो काढला, घरी येऊन पासपोर्ट आकारात आठ प्रती छापल्या, वाळवल्या, कात्रीने कापल्या आणि पाकिटात घालून नानांना दिल्या.

विम्याचा माणूस फोटोकडे बघतच राहिला. म्हणाला, "नाना, म्हैस परदेशी चालली आहे का?"

त्याला अख्खी म्हैस हवी होती. शेपटी, कास, कानातला बिल्ला, सगळं. मग तो वैतागून म्हणाला की जाऊ द्या फोटो, फोटो काय कुणाचाही काढता येतो, ती म्हैसच माझ्यासमोर आणून बांधा. नानांनी म्हैस आणून बांधली. त्याने तिला फोटोशी ताडून बघितलं, सही केली आणि विमा उतरला.

हे ऐकून सुलोचना पहिल्यांदा हसली. पण शिकवायचं काही सोडलं नाही. ती म्हणाली, "बघितलंत ना? नुसत्या फोटोवर कुणी विश्वास ठेवत नाही. कुठंही कागद न्यायचा तर मूळ सोबत न्यायचं. आणि दिलं की पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय त्यांची पायरी उतरायची नाही. आत्याचा कागद हरवला तेव्हा आपल्याकडे पोच असती तर ही वेळ आली नसती."

"बरं," रंगनाथ म्हणाला. "मूळ द्यायचं, पोच घ्यायची."

इकडे आत्याची मुदत संपत आली. कार्यालयाने नोटीस काढली होती की महिनाअखेरपर्यंत ज्यांचे कागद येणार नाहीत, त्यांची नावं यादीतून कायमची निघतील. चूक कार्यालयाने करायची आणि मुदत म्हातारीला घालायची, ही तिथली जुनी रीत आहे. शेवटचा दिवस गुरुवार होता. सुलोचना स्वतः जाणार होती, पण बुधवारी विहिरीच्या पायरीवर तिचा पाय मुरगळला. घोटा भोपळ्याएवढा सुजला.

तिने सगळे कागद स्वतः तयार केले. फोटो सुरेख आला होता. मागे पांढरी चादर, मान सरळ, दोन्ही कान स्पष्ट. वाळलेला. रंगनाथच्या हातात पिशवी देऊन ती म्हणाली, "आत्यालाही घेऊन जा. कार्यालयाच्या भिंतीवर पाटी आहे. तिच्यावर जे जे लिहिलंय ते ते द्या. एकही गोष्ट कमी पडू देऊ नका. आज चुकलात तर आत्या कायमची मेली."

आत्या म्हणाली, "रंग्या, नीट कर रे बाबा. मला दोनदा मारू नको."

दोघं सकाळच्या एसटीने गेली. सुलोचना ओट्यावर पाय पसरून दिवसभर रस्त्याकडे बघत बसली.

संध्याकाळी एसटी आली. रंगनाथ उतरला. हातात एक कागद होता आणि चेहऱ्यावर, आयुष्यात पहिल्यांदाच, काम फत्ते केल्याचा आनंद होता. मागे कुणी उतरलं नाही. एसटी निघून गेली.

"झालं?" सुलोचनाने विचारलं.

"झालं. पोचही आणली."

"आत्या कुठंय?"

"जमा केली."

सुलोचनाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. तिने कागद हातात घेतला. गोल शिक्का होता. कारकुनाची सही होती. मध्ये निळ्या शाईत लिहिलं होतं:

'अर्ज, एक. फोटो, दोन. पोपट, रंगीत, एक. मूळ प्रत, श्रीमती अन्साबाई, जिवंत, एक. वरीलप्रमाणे मिळाले.'

"पोपट कशाला?"

"आज गुरुवार."

सुलोचनाने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. "आणि आत्या त्यांनी घेतली?"

रंगनाथने सांगितलं की कारकून आधी नाहीच म्हणत होता. मग रंगनाथने त्याला त्याच्याच पाटीवरची तिसरी ओळ वाचून दाखवली. 'पडताळणीसाठी मूळ प्रत सोबत जमा करावी.' कारकुनाने चष्मा लावून पाटी वाचली. आत जाऊन साहेबांना विचारलं. साहेबांनी मान वर न करता सांगितलं की नियमात असेल तर घ्या आणि पोच देऊन टाका, मागे लोक गर्दी करताहेत. मग त्याने आत्याला फायलींच्या खोलीत खुर्ची दिली आणि आवक क्रमांकाची चिठ्ठी तिच्या पदराला टाचली. आत्याही ऐसपैस बसली. चौदा महिन्यांत त्या कार्यालयात तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. शिवाय तिथे पंखा होता.

सुलोचनाने तो कागद पुन्हा वाचला. मग तिसऱ्यांदा वाचला. 'जिवंत' हा शब्द त्यांच्याच हातचा होता. त्यावर त्यांचाच शिक्का होता. या एका शब्दासाठी तिने चौदा महिने चपला झिजवल्या होत्या. पुढे त्याच कागदाच्या जोरावर आत्याचा पगार सुरू झाला आणि औषधंही आली, कारण जिवंत म्हणून घेतलेली बाई मयत म्हणून फायलीला लावता येईना. पण ते सगळं नंतर. त्या घटकेला सुलोचनाने कागद छातीशी धरला, भिंतीला धरून उठली आणि सुजलेल्या पायात चप्पल घालू लागली.

"कुठं निघालीस?" रंगनाथने विचारलं.

"आत्याला आणायला. परतीची एसटी अजून फाट्यावर मिळेल."

"पाय दुखतोय, बस की. ती येईल," रंगनाथ समजावणीच्या सुरात म्हणाला. "पाटीवर चौथी ओळ पण होती. पडताळणी झाली की मूळ प्रत टपालाने परत मिळते. फक्त आपला पत्ता लिहून, तिकीट लावून पाकीट द्यावं लागतं."

सुलोचनाचा हात चपलेवरच थांबला.

"ते मी विसरलो नाही," रंगनाथ म्हणाला. "दुकानातलं सगळ्यात मोठं घेतलं."